पंधरा दिवसांचे आणि कायमचे

बेळगावात कॉलेज रोडपासून आत वळलेल्या एका बोळात जुने संगणक विकणारे छोटे दुकान आहे. भाडेकरार संपल्यावर बंगळुरूच्या कार्यालयांतून बाहेर पडलेली यंत्रे तिथे खोक्यांनी येतात आणि भिंतीला लागून छातीच्या उंचीपर्यंत रचलेली असतात. जूनची सुरुवात होती. बाहेर आमच्याकडची ती बारीक, वाऱ्याबरोबर तिरकी येणारी, छत्रीला न जुमानणारी झड लागली होती आणि आत ओल्या पुठ्ठ्याचा वास सोल्डरच्या वासात मिसळला होता. घरच्या कॅमेऱ्यांसाठी संगणक हवा आहे असे सांगून मी खिशातला कागद काढून दुकानदारापुढे ठेवला. प्रोसेसरची पिढी, रॅम, डिस्क बसवायच्या जागा, किमतीची मर्यादा, सगळे त्यावर नीट लिहून नेले होते. त्यांनी तो शांतपणे वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली आणि विचारले, "किती दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवायचं आहे, सर? ते आधी सांगा, मग मशीन बघूया की."

ते कागदावर नव्हते.

"जितके दिवस बसेल तितके" हे उत्तर ओठांवर आले होते, पण ते उत्तर नाही हे उच्चारण्याआधीच कळत होते. बेळगावच्या शहापूर भागातले आमचे घर जुने आहे. पुढची बाजू गल्लीला टेकलेली, मागे विहीर आणि परसू. मी दिवसभर कामावर असतो, बहीण पुण्याला असते, आणि आई घरात एकटी असते. दारावर एक, गल्लीच्या कोपऱ्याकडे एक आणि परसात एक असे तीन कॅमेरे काही वर्षांपासून आहेत. मे महिन्यात वळिवाच्या एका संध्याकाळी जवळच कुठेतरी वीज पडली, कौलांवरून गेलेल्या वायरीतून तो धक्का घरात आला आणि रेकॉर्डिंगची जुनी पेटी गेली. पुन्हा तशीच बंद पेटी आणायची नाही असे ठरवले. तिच्यातले चित्र पाहायला तिचेच अ‍ॅप लागायचे आणि ते अ‍ॅप कोणत्या देशातल्या कोणत्या सर्व्हरमार्गे आमचे दार आम्हाला दाखवते याचा पत्ता लागत नसे. त्यापेक्षा एक छोटा, स्वस्त, आपल्या ताब्यातला संगणक घ्यावा, त्याच्यावर कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग ठेवावे, आणि घरातली गाणी, फोटो, चित्रपटही त्याच्यावरूनच टीव्हीवर दिसावेत, असा विचार होता. एका यंत्रात दोन कामे उरकतील हा त्यातला हिशेब. दुकानदाराच्या प्रश्नानंतर मात्र ही दोन कामे एकमेकांच्या अगदी उलट आहेत, हे लक्षात येऊ लागले.

त्या रात्री जेवणानंतर गणित मांडले. एका कॅमेऱ्याचे चित्र सेकंदाला चार मेगाबिट या वेगाने साठवले, तर तासाला १.८ जीबी आणि दिवसाला सुमारे ४३ जीबी जागा लागते. तीन कॅमेऱ्यांचे मिळून १३० जीबी होतात, म्हणजे एक टीबीची डिस्क आठवड्याभरात भरून जाते. चित्र आवळण्याच्या एच.२६५ या पद्धतीने, सेकंदाला दोन मेगाबिटवर आणले तर आमच्या गल्लीच्या चित्रात फारसे काही हरवत नाही, आणि त्याच डिस्कवर पंधरा दिवस मावतात. डिस्क भरली की सर्वांत जुना तास पुसला जातो आणि त्याच्या जागी नवा तास येतो. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगला पुसले जाणे हा अपघात नसतो. त्याच्यावरच ते चालते. एकाच वेळी अखंड लिहीत राहायचे आणि अखंड विसरत राहायचे, असे ते काम आहे.

दुसरे काम गोदरेजच्या कपाटात होते. बाबांना ध्वनिमुद्रणाचा नाद होता. गल्लीतल्या मारुतीच्या देवळातले भजन, गणपतीच्या दिवसांतल्या नाट्यसंगीताच्या मैफली, धारवाड आणि सांगली आकाशवाणीवरून रात्री लागणारे गायन, हे सगळे त्यांनी कॅसेटवर उतरवून ठेवले आहे. बस सुळेभावीवरून जाऊ लागली की ते दर वेळी, जणू पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे, सांगत की कुमार गंधर्व १९२४ साली या गावात जन्मले. त्या कॅसेट आम्ही कधी कोणाला दिल्या नाहीत आणि ऐकल्याही फार नाहीत. आमच्या पावसाळ्यात लोखंडी कपाटसुद्धा ओल धरते, आणि मागच्या वर्षी एक डबी उघडली तेव्हा फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरलेली दिसली. नखाने हळूच उचलून पाहिली तर ती पिठासारखी बोटाला लागली. डबीच्या कागदावर बाबांच्या वळणदार अक्षरात रागाचे नाव आणि तारीख होती. गाणाऱ्याचे नाव कुठेच नव्हते, कारण त्या वेळी ते सगळ्यांना ठाऊक होते.

कॅसेट संगणकावर घेण्यात घाई चालत नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटेच लागतात. सीडीच्या दर्जाने घेतलेला एक तास साधारण ६३५ एमबी होतो, आणि आवाजातले काहीही न गमावता फ्लॅक पद्धतीने आवळला तर त्याच्या निम्म्याच्या आसपास येतो. म्हणजे शंभर तासांचे गायन ३५ जीबीच्या आसपास. मी हा आकडा आणि वरचा आकडा एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिलो. बाबांनी अर्ध्या आयुष्यात जमवलेले शंभर तासांचे संगीत, आमच्या बंद दाराकडे पाहणाऱ्या एका कॅमेऱ्याच्या, चार मेगाबिटने साठवलेल्या, एका दिवसापेक्षा कमी जागेत मावते. त्या दिवसभरात दारापुढे दूधवाला येतो, एक मांजर दोनदा जाते आणि ऊन सरकते.

म्हणून आधी डिस्क ठरल्या आणि मग संगणक. एक डिस्क विसरणारी आणि एक जपणारी, आणि दोन्ही एकमेकींपासून वेगळ्या, हे नक्की झाले. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवले असते, तर कॅमेऱ्यांच्या अखंड लिहिण्याची झीज बाबांच्या गाण्यांनाही सोसावी लागली असती. जपणाऱ्या डिस्कची एक प्रत बहिणीच्या घरी पुण्याला राहील आणि दर दिवाळीला ती नवी होईल, हेही तेव्हाच ठरले. कॅमेऱ्याच्या डिस्कची प्रत कोणी ठेवत नाही. तिची गरजही नसते. या एका अटीने पुष्कळ पर्याय आपोआप गळाले.

सगळ्यांचे पहिले बोट रास्पबेरी पायकडे जाते. मलाही तो मनापासून आवडतो. तळहाताएवढ्या पाटीवर पूर्ण संगणक असतो, याचे मला आजही अप्रूप वाटते. पण २०२३ मध्ये आलेल्या पाय ५ मध्ये एच.२६५ उलगडण्याची सोय चिपमध्येच असली तरी एच.२६४ या जुन्या पद्धतीसाठीची काढून टाकलेली आहे, आणि चित्राचे रूपांतर करण्यासाठी लागणारा एन्कोडरही त्यात नाही. ते सगळे ओझे मुख्य प्रोसेसरवर पडते. शिवाय त्याला पाच व्होल्ट, पाच अँपिअरचा खास अडॅप्टर लागतो, पंखा लागतो, डबी लागते, एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, जोडायला वेगळी पाटी लागते. एसडी कार्डवर रात्रंदिवस रेकॉर्डिंग लिहिणे म्हणजे ते कार्ड लवकर संपवणे. सगळे जोडून पाहिले तर किंमत जुन्या ऑफिसातल्या संगणकाच्या जवळ पोहोचते आणि हातात मात्र तुकडे-तुकडे राहतात. तापमान मोजायला, बागेतला पंप चालवायला मी डोळे मिटून पाय घेईन. या कामासाठी मन घेईना.

दुसरा पर्याय इंटेलच्या एन१०० प्रोसेसरच्या नव्या छोट्या पेट्यांचा. २०२३ मध्ये आलेला हा चार कोअरचा प्रोसेसर अवघ्या सहा वॉटच्या वर्गातला आहे, आणि एच.२६४, एच.२६५, एव्ही१ हे सगळे प्रकार तो चिपमध्येच उलगडतो. यंत्र म्हणून मला तोच सर्वांत योग्य वाटला आणि आजही वाटतो. कोणाला नवेच घ्यायचे असेल तर मी त्याचेच नाव सांगेन. माझी अडचण वेगळी होती. स्वस्तातल्या पेट्या ज्या नावांनी विकल्या जातात ती नावे वर्षभरात बदलतात. अडॅप्टर किंवा पंखा गेला तर त्याचा जोडीदार आमच्या गावात शोधायचा कुठे? ज्या वस्तूने रात्रंदिवस चालायचे आहे, ती गावातल्या गावात दुरुस्त होणे ही माझ्या दृष्टीने चिपच्या पिढीइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे.

राहिले ते दुकानात रचलेले ऑफिसचे छोटे संगणक: लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क मिनी. लांबी-रुंदी साधारण अठरा सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या ताटापेक्षा लहान. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलची आठवी पिढी लागते, त्यामुळे सहाव्या आणि सातव्या पिढीची ठणठणीत यंत्रे त्या आधीपासूनच कार्यालयांनी बाहेर काढायला सुरुवात केली होती. विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्सला ती अट लागू नाही. सातवी पिढी दहा बिटचे, म्हणजे रंगांच्या जास्त छटांचे, एच.२६५ सुद्धा चिपमध्येच उलगडते. घरच्या टीव्हीला आणि तीन कॅमेऱ्यांना त्याहून जास्त काही लागत नाही. सहावी पिढी त्याहून स्वस्त मिळते, पण दहा बिटचे चित्र आले की तिथे अडते, म्हणून ती सोडली. दुसऱ्या खेपेला मी दुकानदाराला सांगितले, "पंधरा दिवस." त्यांनी मान हलवली आणि खोक्यातून सातव्या पिढीचा आय५-७५००टी प्रोसेसर असलेला एक टायनी काढला.

त्यांनी तो माझ्यासमोरच उघडला. मागचा एक स्क्रू सोडला, झाकण अंगठ्यांनी पुढे सरकवले आणि ते निघाले. आत वातानुकूलित खोलीतली ती करडी, सुती धूळ पंख्याच्या पात्यांत नमद्यासारखी बसली होती. त्यांनी बारीक ब्रशने एकेक पाते पुसले, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट स्पिरिटच्या बोळ्याने काढली आणि नवी लावली. कडेला कुठल्यातरी कंपनीचा मालमत्ता क्रमांकाचा स्टिकर अर्धवट खरवडलेला होता. एका बाजूला अडीच इंची डिस्कची पातळ चौकट, तळाशी बोटाएवढ्या एम.२ एसएसडीची जागा. मला हव्या होत्या तेवढ्याच दोन जागा. अडीच इंची जागेत सात मिलिमीटरचीच डिस्क बसते, त्यामुळे मोठ्या क्षमतेच्या जाड डिस्क तिथे चालत नाहीत, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. कॅमेऱ्यांसाठीच्या खास डिस्क साडेतीन इंची येतात, त्या बाहेरून जोडाव्या लागल्या असत्या आणि त्यांना आणखी एक अडॅप्टर लागला असता. मी एक टीबीची साधी साटा एसएसडी घेतली. दिवसाला ६५ जीबी म्हणजे वर्षाला २४ टीबीच्या आत लेखन होते, आणि या आकाराच्या चांगल्या एसएसडीला साडेतीनशे टीबीच्या पुढे लेखनाची हमी असते. शेवटी त्यांनी मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी काढून नवी घातली. ती संपली की वीज गेल्यावर संगणकाचे घड्याळ मागे जाते. चोरी मंगळवारी झाली आणि रेकॉर्डिंग म्हणते काही वर्षांपूर्वी झाली, अशा पुराव्याचा कोणाला उपयोग? काही रुपयांची ती बॅटरी मला तेव्हा सगळ्या यंत्रात महत्त्वाची वाटली.

विजेचा विचार आमच्याकडे वेगळा करावा लागतो. पावसाळ्यात फांद्या तारांवर पडतात आणि वीज दिवसातून कितीही वेळा जाते. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत येताच संगणक आपोआप सुरू व्हावा अशी एक ओळ असते. ती चालू केली नसेल तर आई घरात, मी कामावर, आणि यंत्र गप्प अशी अवस्था होते. इन्व्हर्टर यूपीएसच्या स्थितीत ठेवला म्हणजे बदलाच्या क्षणी यंत्र बंद पडत नाही. हा टायनी आणि त्याच्या डिस्का मिळून सरासरी बारा वॉट धरले, तर वर्षाला १०५ युनिट लागतात. कोपऱ्यात पडलेल्या जुन्या उभ्या डेस्कटॉपने साठ वॉटच्या हिशेबाने सव्वापाचशे युनिट खाल्ली असती. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेतली मोफत युनिटे आधीच्या सरासरी वापरावर ठरतात, त्यामुळे चोवीस तास चालणारी नवी वस्तू घरात आणताना हा फरक बिलावर दिसतो.

जुलैमध्ये पावसाने आणखी एक गोष्ट शिकवली. रात्री कॅमेऱ्याभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तिथे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि भिंगासमोर जाळे विणतो. पावसाचा प्रत्येक थेंब त्या उजेडात पांढऱ्या रेघेसारखा चमकतो. "हालचाल दिसली की कळव" एवढीच सूचना असेल तर फोन रात्रभर वाजत राहतो आणि चार दिवसांत माणूस त्याच्याकडे पाहणे सोडून देतो. फ्रिगेट नावाची मुक्त प्रणाली आधी हालचाल पाहते आणि मग त्या तुकड्यात माणूस आहे की नाही हे तपासते. ती तपासणी इंटेलच्या चिपमधला ग्राफिक्सचा भाग करतो. तपासायला कॅमेऱ्याचा लहान प्रवाह आणि साठवायला मोठा, अशी विभागणी केली की हा जुना संगणक निवांत चालतो. गाणी आणि चित्रपट टीव्हीवर दाखवण्याचे काम जेलीफिन या दुसऱ्या मुक्त प्रणालीकडे आहे. आता आमच्या फोनवर माणूस आला तरच सूचना येते, आणि कोळ्याचे जाळे मी दर रविवारी केरसुणीने काढतो.

माणसांच्या बाजूने हे सगळे इतके सरळ नव्हते. आई मागे एकदा न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी घसरली होती. तेव्हापासून बहिणीचे म्हणणे होते की माजघरात एक कॅमेरा असावा, तो पुण्याहून तिला पाहता यावा. तिची काळजी खरी होती, आणि दूर राहणाऱ्या मुलीच्या मनात रात्री काय येते हे मला कळते. आईने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला बघायचं असलं तर घरला या की." आम्ही दोघेही त्यावर काही बोललो नाही. माजघरात कॅमेरा लावला नाही. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आणि बहीण रोज संध्याकाळी फोन करते. तरीही ती पडली तर कोणाला कळणार, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. गल्लीच्या कॅमेऱ्यात समोरच्या अक्कांचा उंबरा येत होता. त्या घरात कानडी बोलतात, आमच्याशी मराठीत. आईची आणि त्यांची सकाळ त्या उंबऱ्यावरच सुरू होते. त्यांना बोलावून चित्र दाखवले आणि त्यांच्या दाराचा भाग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये काळ्या चौकटीने झाकला. त्यांनी ते दोनदा नीट पाहून घेतले. मला ते फार योग्य वाटले.

कॅमेऱ्यांना इंटरनेटची वाट मी बंद ठेवली आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या संगणकी किडीने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन जगभरातल्या मोठ्या संकेतस्थळांवर हल्ला चढवला होता. ज्यांच्या घरचे कॅमेरे त्यात राबले त्यांना त्याची खबरही नव्हती. आमचे कॅमेरे फक्त या टायनीशी बोलतात, आणि बहिणीला दार पाहायचे असले तर ती वायरगार्डच्या खासगी मार्गाने थेट आमच्या घरात येते.

पंधरा दिवस हा आकडा मी कसा ठरवला, ते सांगायचे राहिले. आई वर्षातून एकदा बहिणीकडे जाते आणि मी तिला पोहोचवून आणायला जातो. घर जास्तीत जास्त दहा-बारा दिवस बंद राहते. परत आल्यावर कुलूप वेगळे दिसले, परसातला नारळ गेला, तर मागे जाऊन पाहता यावे इतकी आठवण घराला पुरे. महिनाभराचे ठेवायला मोठी डिस्क घेता आली असती. पण गल्लीतून कोण कधी गेले, कोणाकडे कोण आले, याची महिनाभराची नोंद आपल्या कपाटात असणे मला नको होते. शेजाऱ्यांनी परवानगी दिली ती चोराला पाहण्याची, त्यांच्या येण्याजाण्याची वही ठेवण्याची नव्हे.

वैशाखात या आकड्याची परीक्षा झाली. शिवजयंतीच्या चित्ररथाची तयारी आमच्या गल्लीतली मुले रोज रात्री दिव्याच्या खांबाखाली करत होती. लाकडी तलवारी, पुठ्ठ्याची ढाल, ट्रॉलीवर उभे राहायच्या जागा ठरवताना होणारी भांडणे. मिरवणूक होऊन गेल्यावर ती सगळी एकदम दारात आली आणि सरावाचे रेकॉर्डिंग मागू लागली. विशेषतः पहिल्या रात्रीचे, कारण महाराज झालेला मुलगा तेव्हा सगळे संवाद विसरला होता आणि तरीही न थांबता आपल्याच मनाने बोलत गेला होता. ती रात्र पुसली गेली होती. शेवटच्या काही रात्री शिल्लक होत्या, काळ्या-पांढऱ्या आणि बिनआवाजाच्या, कारण कॅमेऱ्यांचा आवाज मी सुरुवातीपासून बंद ठेवला आहे. मुले हिरमुसली. मलाही क्षणभर वाटले की महिन्याचे ठेवले असते तर. आई आतून म्हणाली, "पहिल्या दिवशीचं त्यांना पाठ आहे की. तेवढं सांगू दे, तू लिहून घे."

मग शिल्लक होते त्यातले तास त्यांनी टीव्हीवर लावून निवडले. तासाला नऊशे एमबी या हिशेबाने ते दुसऱ्या डिस्कवर, बाबांच्या मैफलींच्या शेजारी गेले. फोल्डरला गल्लीचे आणि वर्षाचे नाव दिले, आणि पहिल्या रात्रीची हकिगत मुलांनी एकमेकांना थांबवत, दुरुस्त करत सांगितली ती एका फाईलमध्ये लिहून सोबत ठेवली. आईने प्रत्येकाचे पूर्ण नाव आणि कोण काय झाले होते हेही घालायला लावले. बाबांच्या एका भजनाच्या कॅसेटवर दोन अभंगांच्या मध्ये एक माणूस मोकळेपणाने हसतो आणि टाळकऱ्याला काहीतरी म्हणतो. तो आवाज कोणाचा हे आईला सांगता येत नाही, आणि देवळातल्या जुन्या माणसांपैकी दोघांना विचारले तर त्यांनाही आले नाही. तिसरे अनगोळला लेकीकडे असतात. पाऊस लागायच्या आत ते गाणे फोनवर घेऊन त्यांच्याकडे जायचे आहे.